बॅग बंड्याची, बिल कुणाचं?

"मित्राचा पासपोर्ट चोरीला गेला आणि तुम्ही व्हेनिस बघायला गेलात?" गुरुजींनी कप खाली ठेवून हे विचारलं तेव्हाच मला कळलं, राजारामपुरीतली ही चहाची गाडी आज काही वेळेत बंद होत नाही.

"गेलो," मिनी म्हणाली. "आणि चांगलं बघितलं."

प्रकरण असं. गेल्या सप्टेंबरात आमच्या कट्ट्यावरचे चौघं पाठीवर सॅक मारून युरोपात गेले. पॅरिसला उतरायचं, मग स्वित्झर्लंडातलं इंटरलाकन, मिलान, व्हेनिस आणि व्हिएन्नाहून परत. बंड्या, अण्णा, मिनी आणि सीए. (सीए अजून सीए झालेला नाही, एक ग्रुप राहिलाय. पण गणपतीच्या वर्गणीपासून रंकाळ्यावरच्या भेळेपर्यंत सगळा हिशोब त्याच्याकडं असतो.) मला रजा मिळाली नाही, म्हणून मी नि:पक्षपाती आहे असा माझा दावा. तो कुणी मानत नाही.

मिलानच्या मुख्य स्टेशनवर शुक्रवारी संध्याकाळी बंड्या तिकीट मशीनपुढं उभा होता. एक भला माणूस मदतीला आला. हे बटण दाबा, कार्ड इथं घाला. तोवर दुसऱ्या भल्या माणसानं बंड्याच्या पायाशी ठेवलेली लहान सॅक उचलली. मोठी सॅक पाठीवर होती, फोन हातात होता. पासपोर्ट लहान सॅकमध्ये होता.

"ते मशीन स्वतः इंग्रजीत ओरडून सांगतंय, खिसेकापूंपासून सावध राहा म्हणून," सीए म्हणाला. "मी मागच्या मशीनवर उभा राहून ऐकतोय. हा त्या माणसाला थँक्यू म्हणतोय."

"माणूस मदत करतोय तर काय शिव्या देऊ व्हय रं?"

"पासपोर्ट अंगावर ठेवायचा असतो. कमरेच्या पट्ट्यात, शर्टाच्या आत. निघायच्या आधी मी ग्रुपवर टाकलं होतं."

"तू ग्रुपवर दिवसाला चाळीस मेसेज टाकतोस, भावा. कुठला कुठला वाचू?"

गुरुजींना या तपशिलात रस नव्हता. त्यांना तत्त्वाचं बोलायचं होतं. "चौघं एकत्र निघालात तर चौघांनी एकत्र थांबायचं. एवढं साधं आहे."

तर, थांबून काय केलं असतं, हा मिनीचा प्रश्न. स्टेशनातल्या रेल्वे पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, शिक्का मारून प्रत दिली. त्या कागदाशिवाय पुढं काहीच हलत नाही, म्हणून ते काम चौघांनी मिळून आधी उरकलं. मिलानमध्ये आपलं वकिलातीचं कार्यालय आहे, दिल्लीला फोन लावत बसावं लागत नाही, ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट. पण ते उघडणार सोमवारी. शनिवारी रात्री व्हेनिसला चार खाटांचे पैसे भरलेले, रविवारी रात्रीच्या व्हिएन्नाच्या गाडीत चार बर्थ. दोन्हीही रद्द केलं तर एक युरो परत नाही, म्हणून तर स्वस्त मिळालेलं.

"शनिवार-रविवार चौघं मिळून बंद दरवाजापुढं बसायचं का?" मिनी म्हणाली. "मी शाळेतल्या पगारातून बाजूला टाकत टाकत हे पैसे जमवले. पुढच्या वर्षी पुन्हा जाईन अशी माझी परिस्थिती नाही."

"पण मुलीनं असं..." गुरुजींनी सुरुवात केली.

"गुरुजी, ते वाक्य पुरं करू नका. चहा गार होतोय."

गुरुजींनी चहा घेतला.

शेवटी अण्णा थांबला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. सकाळी हॉस्टेलच्या दारात मिनी आणि सीए सॅक घेऊन उभे राहिले, तेव्हा अण्णा स्लिपर घालून खाली आला आणि म्हणाला, तुम्ही जावा, आम्ही बघतो. तालमीतला गडी आहे, बोलणं कमीच. त्या दोन दिवसांत त्यानं बंड्याला चालवत चालवत अख्खं मिलान दाखवलं म्हणे. बंड्याला त्यातलं काहीच आठवत नाही, फक्त एक चर्च लई मोठं होतं एवढंच. ते तिथलं कॅथेड्रल. बांधायला सुरुवात 1386 साली झाली आणि काम शतकानुशतकं चाललं, हे सीएनं मध्येच सांगितलं. "आमच्या रस्त्याच्या कामासारखं," चहावाले मामा म्हणाले.

सोमवारी कार्यालयात कळलं की बंड्यापुढं रस्ते दोन. नवा पासपोर्ट मागायचा तर थांबावं लागणार, आणि तो मिळाला तरी शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणारा, व्हिसा जुन्या पासपोर्टाबरोबर गेलेला. दुसरा रस्ता इमर्जन्सी सर्टिफिकेटचा. तो कागद भारतात परत यायच्या एका प्रवासापुरता. त्यावर व्हिएन्ना फिरता येत नाही. म्हणजे बंड्याची ट्रिप मिलानलाच संपली. त्यानं तिथून मुंबईचं नवं तिकीट काढलं, आणि अण्णा त्याला विमानतळावर सोडून थेट परतीच्या विमानाच्या दिवशी व्हिएन्नात उगवला. अण्णानं बघितलेलं व्हिएन्ना म्हणजे रेल्वे स्टेशन ते विमानतळ.

इथवर सगळं दु:खद पण सरळ. भांडण सुरू झालं ते सीएनं परवा रात्री हिशोबाच्या अ‍ॅपमधला अंतिम आकडा ग्रुपवर टाकला त्यावरनं. त्यात बंड्याच्या नावावर त्याची व्हेनिसची खाट, त्याचा रात्रगाडीतला बर्थ, व्हिएन्नाचा त्याचा वाटा, हे तर होतंच. शिवाय अण्णाचेही न वापरलेले खाट-बर्थ बंड्याच्याच नावावर होते.

"अण्णा कुणामुळं थांबला?" सीएचं म्हणणं. "ज्याच्यामुळं नुकसान, त्याच्या खात्यात. हिशोबाला भावना नसतात."

"मी काय मागितलंय व्हय पैसे?" अण्णा म्हणाला. संध्याकाळभरातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"तू मागितले नाहीस म्हणून ते नुकसान नाहीसं होत नाही."

गुरुजींनी मध्येच विम्याचं काढलं. "अरे, पण शेंगेन व्हिसाला तीस हजार युरोचा विमा लागतो ना? मग भांडताय कशाला? घ्या की त्यातनं."

हा गैरसमज गुरुजींचाच नाही, निम्म्या गावाचा आहे. ते किमान 30,000 युरो आजारपण, दवाखाना आणि वेळ आली तर माणसाला किंवा देहाला मायदेशी आणायच्या खर्चासाठी असतात. व्हिसा देणाऱ्यांना काळजी एवढीच, की तुमचं दवाखान्याचं बिल त्यांच्या गळ्यात पडू नये. तुमची सॅक, तुमचा पासपोर्ट, तुमची व्हेनिसची खाट यांच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पासपोर्ट गेल्याचं कलम पॉलिसीत वेगळं असेल तर कागदपत्रांचा खर्च मिळतो, त्यालाही पोलिसांच्या तक्रारीची प्रत लागते. बंड्याला ते थोडेफार मिळाले. मित्राचा बर्थ वाया गेला म्हणून पैसे देणारी पॉलिसी निघाली तर कट्ट्यावर पहिली मी घेईन.

आणि मग बंड्यानं तो विषय काढला, जो मला वाटतं तो मुंबईच्या विमानतळापासून पोटात धरून बसला होता.

"झ्वाय... झ्वायलू... अण्णा, काय रं त्या स्टेशनचं नाव?"

"झ्वायल्यूचिनेन."

अण्णाच्या तोंडून ते इतकं सफाईनं आलं, की मामांनीही किटली थांबवली.

इंटरलाकनहून डोंगरात जाणारी ती गाडी एकच दिसते, पण असतात दोन. झ्वायल्यूचिनेनला ती तुटते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला, दोन वेगळ्या दऱ्यांत. डब्यावर पाटी असते, घोषणा होते, रेल्वेचा दोष शून्य. आमची मंडळी लाउटरब्रुनेनच्या डब्यात बसली. सीए फोटो काढत मागं राहिला, शिट्टी झाल्यावर धावत येऊन मिळेल त्या डब्यात चढला आणि आतून चालत येऊ म्हणाला. चौघांची तिकिटं त्याच्या फोनमध्ये. तो ग्रिंडेलवाल्डला गेला, तिकिटं त्याच्याबरोबर गेली आणि या तिघांपुढं तपासनीस येऊन उभा राहिला.

"फोन करायचा ना," गुरुजी म्हणाले.

"कशावर? सिमला नेटवर्क कुठं होतं?"

यातली मेख अशी, की सिम पॅरिसला घेतलेलं. युरोपियन युनियनमध्ये 2017 पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात त्याच दरानं चालतं, हे सीएला पाठ. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. शेंगेनमध्ये आहे, म्हणून व्हिसा चालला. युनियनमध्ये नाही, म्हणून त्यांच्या पॅकवर सिम मेलं. पॅकच्या देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आहे का, हे बघायचं काम ज्याचं होतं तो त्या वेळी दुसऱ्या दरीत होता.

"तिघांना दंड झाला," बंड्या बोटं मोडत म्हणाला. "हा परत झ्वाय... तिथनं फिरून आमच्यापर्यंत यायला दुपार झाली. सकाळी डोंगर असा लख्ख दिसत होता, वर म्यूरेन गावाला जायचं होतं. दुपारी ढग. दुसऱ्या दिवशी पण ढग. आम्ही काय बघितलं? लाउटरब्रुनेनचं स्टेशन आणि तिथनं दिसणारा धबधबा. तो दंड कुणाच्या खात्यात घातलास रं सीए?"

सीएनं फोनमध्ये बघायचं नाटक केलं.

"मी सांगतो. 'प्रवास, संकीर्ण'. चार भागांत. मी पण भरला."

"ती गंमत होती, बंड्या. सगळे हसलो आपण."

"तुम्ही हसला. मी पण हसलो. मग माझ्या बॅगेला का हसला नाहीस?"

इथं माझं मत सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. गुरुजींचं 'चौघांनी थांबायचं' मला पटत नाही. वकिलातीच्या दारात चार माणसांचं एकाहून जास्त काम नसतं, आणि तीन जण तोंडं पाडून भोवती बसले तर पासपोर्ट हरवलेल्याला आणखी अपराधी वाटतं. मिनी गेली ते बरोबरच केलं. पण सीएचा हिशोब मात्र वाकडा आहे. ज्याच्या हातात वही असते त्याची चूक 'संकीर्ण'मध्ये जाते आणि दुसऱ्याची चूक त्याच्या नावावर चढते. ऑफिसच्या सहलीत हेच होतं, सोसायटीत हेच होतं. युरोपात ते युरोत होतं, म्हणून जास्त टोचतं.

मिनीनं एक तोड काढली. ज्याची त्याची न वापरलेली खाट ज्याच्या त्याच्या नावावर. अण्णाचा वाटा चौघांत, कारण अण्णा थांबला म्हणून बाकीचे दोघं निर्धास्तपणे जाऊ शकले, तर त्याचा फायदा त्या दोघांनाही झाला. आणि डोंगरातला दंड सीएचा.

"दंड माझा का? तिकिटं सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये घ्यायला हवी होती."

"तू पाठवली असतीस तर घेतली असती की."

"मी ग्रुपवर..."

"टाकली नव्हतीस," तिघंही एकदम म्हणाले. अण्णासुद्धा.

गुरुजींना ही तोड मान्य नव्हती. त्यांच्या मते मैत्रीत वहीच नको. यावर मामांनी त्यांच्याकडची गुरुजींच्या चहाची वही हळूच काउंटरवर ठेवली. गुरुजींनी विषय बदलून विचारलं, की नवा पासपोर्ट झाला का. झाला नाही. आधीचा हरवल्याची सगळी हकीकत अर्जात लिहून द्यावी लागते, आणि बंड्यानं ती इतकी सविस्तर लिहिली आहे, भल्या माणसाच्या टोपीच्या रंगासकट, की पोलीस पडताळणीला आलेला हवालदार अर्धा तास चहा पीत ऐकत बसला.

तोवर बंड्या सीएचा फोन घेऊन अ‍ॅपमधल्या एकेक नोंदीवर बोट फिरवत होता.

"हे काय? 'व्हेनिस, पर्यटक कर'?"

"तिथं हॉटेलात माणशी दर रात्रीचा असतो. महापालिकेचा."

"माणशी. राहील त्या माणसाला."

"हो."

"मग यात माझं नाव कसं?"

सीएनं फोन परत घेतला, डोळ्याजवळ धरला. "मिनीनं भरलेत. अ‍ॅपमध्ये घालताना चौघांवर टिक आपोआप पडते, काढायची राहिली."

"मी मिलानात झोपलो होतो," बंड्या म्हणाला. "आणि व्हेनिसचा कर भरतोय."

"अण्णाचं पण आहे बघ त्यात," मिनी म्हणाली.

अण्णानं पहिल्यांदाच हात पुढं केला. "आण रं तो फोन इकडं."