सर फ्री आहेत का?

मीटिंग लावणं हे काम कुठल्याच नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण हिंजवडीत माझा अर्धा दिवस त्यातच जातो. सर पुण्यात, क्लायंट फ्रँकफर्टला, त्याचे दोन लोक न्यू जर्सीत आणि वर आपला तो अर्धा तास, म्हणजे जर्मनीशी फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार, त्यात मार्चमध्ये अमेरिका घड्याळ आधी पुढे करते आणि युरोप नंतर सावकाश, त्या दिवसांत तर माझ्याशी कोणी बोलूच नये. तरी आउटलुकात, म्हणजे आमच्या मेल-कॅलेंडरच्या प्रोग्राममध्ये, कोण कधी मोकळं आहे ते एका नजरेत दाखवणारा शेड्युलिंग असिस्टंट आहे म्हणून निभतं. निळी पट्टी म्हणजे बिझी, जांभळी म्हणजे ऑफिसबाहेर आणि कोरं म्हणजे सापडला तावडीत.

मागच्या महिन्यात हे रंगच गेले. सगळ्यांच्या नावापुढे तिरक्या रेघा, म्हणजे 'माहिती नाही'. सरांची नाही, क्लायंटची नाही, कॉन्फरन्स रूमचीसुद्धा नाही, जी मला काचेतून रिकामी दिसत होती.

आयटीकडे तक्रारीचं टिकट टाकलं. हेल्पडेस्कचा मुलगा बोलायला गोड. "मॅडम, रीस्टार्ट करून बघितलंय ना?" बघितलं होतं. मग त्याने फोनवर आउटलुक स्लॅश क्लीनफ्रीबिझी अशी कमांड टाईप करायला लावली, जी नंतर कळलं की फक्त आपलीच माहिती पुसून नव्याने बनवते. म्हणजे शेजाऱ्याचं घर दिसत नाही म्हणून आपण आपलंच अंगण झाडायचं! मग ऑफिस रिपेअर, त्यात जेवणाची सुट्टी गेली, रेघा आहेत तिथेच, आणि टिकटावर 'रिझॉल्व्ह्ड'. हे रिझॉल्व्ह्ड कोण ठरवतं हे मला एकदा बघायचंय.

शेवटी आयटीतले काका आले. (वय चाळीसच असेल, पण आयटीत तेवढ्यात काका होतो माणूस.) खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मेल येतात-जातात? वेबवर उघडलं की कॅलेंडरं दिसतात? आणि सुट्टीचा ऑटो रिप्लाय लावायला गेलं की सर्व्हर उपलब्ध नाही म्हणतो?" मी म्हणलं हो काका, गणपतीत तसंच झालं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे दोन्ही एकाच वाटेने जातं. मेल वेगळी जाते, पण दुसऱ्याचं कॅलेंडर आणि ऑटो रिप्लाय एका वेब सर्व्हिसकडून येतात आणि तिचा पत्ता आउटलुकला ऑटोडिस्कव्हर सांगतं.

त्यांनी कंट्रोल दाबून घड्याळाशेजारच्या बारक्या आयकॉनवर राईट क्लिक केलं तर एरवी कधीच न दिसणारा टेस्टचा ऑप्शन निघाला. तिथून चौकशी करत करत गाडी माझ्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाईलपाशी, म्हणजे कुठल्या नावाचा सर्व्हर कुठल्या पत्त्यावर आहे हे लॅपटॉप आधी जिथे बघतो त्या यादीपाशी. मेल क्लाउडवर हलवताना कोणीतरी त्यात जुन्या सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवला होता आणि तो सर्व्हर आत्ता-आत्तापर्यंत कोपऱ्यात चालू होता म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. गणपतीच्या आधी तो बंद केला. तेव्हापासून माझं आउटलुक रोज त्या मेलेल्या सर्व्हरलाच विचारत बसलेलं, सर फ्री आहेत का, सर फ्री आहेत का.

काकांनी ती एक ओळ उडवली, आउटलुक बंद करून चालू केलं आणि रंग आले! गुरुवारी सरांचा अख्खा दिवस कोरा. मी लगेच संध्याकाळी साडेसहाची मीटिंग टाकली, तिकडे फ्रँकफर्टला तीन, न्यू जर्सीत सकाळचे नऊ, सगळ्यांनी ॲक्सेप्ट केलं आणि सरांचा फोन.

"अगं, गुरुवारी मी नाशिकला आहे ना!"

"सर, कॅलेंडरला तर काहीच नाहीये."

"टाकलंय की मी. ये, बघ."

केबिनमध्ये जाऊन बघितलं. खरंच टाकलं होतं, वरती बारीक पट्टी, ऑल डे इव्हेंट. आणि ऑल डे टाकलं की आउटलुक आपणहून त्यापुढे 'फ्री' लावतं.