आमिश प्रेमकथा वाचली, आणि नवरा कोण होणार यात रसच उरला नाही

आमिश म्हणजे अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, मोटारी टाळून जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा. तिथे आमिश प्रेमकथा हा कादंबऱ्यांचा एक अख्खा प्रकार आहे, आणि तो धो धो खपतो. मुखपृष्ठ ठरलेलं: पांढऱ्या टोपीतली तरुणी, मागे शेत, जमलं तर घोड्याची बग्गी. वाचायचंच तर मुळापासून, म्हणून बेव्हर्ली लुईस यांची १९९७ सालची ‘द शनिंग’ (म्हणजे वाळीत टाकणं) घेतली. ही लाट तिथून उसळली असं मानतात. दहा लाखांवर प्रती गेल्यात.

माझं मत सांगते. ही प्रेमकथा नाहीच. ही वाळीत टाकण्याची गोष्ट आहे, दारात फक्त लग्नाचा मांडव घातलाय.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतली केटी. मुलंबाळं असलेल्या विधुर बिशपशी लग्न ठरलेलं. (हो, यांचे बिशप संसारी असतात, आणि चिठ्ठ्या टाकून निवडतात!) माळ्यावर तिला तान्ह्या बाळाचा सॅटिनचा झगा सापडतो. झालं. ज्या घरात बायका झग्याला बटणांऐवजी टाचण्या लावतात, तिथे सॅटिन आलं कुठून? एका कापडाच्या तुकड्यावर बाईंनी एवढा ताण उभा केलाय की मी जेवण तापवायचं विसरले.

पण खरी गंमत नियमांत आहे. आमिशांमध्ये बाप्तिस्मा तान्हेपणी होत नाही, कळत्या वयात, साधारण १८ ते २२ च्या दरम्यान, स्वतःहून घ्यायचा. तो घ्यायच्या आधी निघून गेलात तर वाळीत टाकत नाहीत. घेतल्यावर गेलात तर टाकतात. आणि लग्न करायचं तर दोघांचाही बाप्तिस्मा आधी झालेला हवा. म्हणजे पोरगा आवडला की आधी समाजाशी लग्न लावायचं, मग त्याच्याशी. प्रेमच माणसाला त्या दारातून आत नेतं आणि मागून कडी लागते. हे कळल्यावर कोण कुणाशी लग्न करतंय याची उत्सुकताच संपली.

वाळीत टाकायचं म्हणजे काय, तर घर तेच, माणसं तीच, पण जेवायला टेबल वेगळं. तिच्या हातून वस्तू घ्यायची नाही. हे वाचताना मला रायगडातल्या गावक्यांच्या आणि जातपंचायतींच्या बातम्या आठवत राहिल्या. आपल्याला त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. आमिशांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की चूक कबूल करून परतणाऱ्याला ते पुन्हा सामावून घेतात, आणि हे सगळं त्याच्या भल्यासाठीच, असं ते मनापासून मानतात. मला पटत नाही. भल्यासाठी कुणाचं ताट वेगळं करतात का?

दुसरी खटकलेली गोष्ट. लुईसबाई आमिश नाहीत. त्यांची आजी जुन्या वळणाच्या मेनोनाइट पंथातून (हा आमिशांचा भाऊबंद पंथ) बाहेर पडलेली. या कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक बायका इव्हँजेलिकल ख्रिस्ती आहेत, म्हणजे येशूवर श्रद्धा ठेवली की उद्धाराची खात्री मिळते असं मानणाऱ्या. आमिश माणूस ‘माझा उद्धार झालाच’ असं ठामपणे म्हणत नाही. तो गर्व झाला, आपण फक्त आशा धरायची. आणि यातल्या कितीतरी नायिकांना शेवटी नेमकी तीच खात्री गवसते! टोपी आमिश, प्रवचन लेखिकेचं.

तरी एवढ्या का खपतात? व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांनी २०१३ मध्ये यावर पुस्तकच लिहिलंय. त्यांच्या मते अतिवेगाच्या आणि जिथेतिथे लैंगिकता उघडी मांडणाऱ्या जगाला कंटाळलेल्या वाचकांना इथे विसावा मिळतो. असेल. एक चुंबन नसताना मीही रात्री उशिरापर्यंत वाचत बसलेच की. पण हा विसावा ज्या समाजाच्या नावावर मिळतो, त्यातल्या मुलीला शाळा आठवीपर्यंतच. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याला मान्यता दिली. वाचणारीला मात्र पुस्तक मिटून गाडी काढून कॉलेजला जाता येतं.

आता लिंडा बायलर वाचायच्यात. त्या स्वतः आमिश आहेत आणि कादंबऱ्या लिहितात. कुणाकडे असतील तर कळवा, टपालखर्च माझा.