कूबर पेडीची माणसंही सांगायला हवीत

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या खाणींच्या गावावरचा एक लेख वाचला. त्यात तिथली जमिनीखालची घरं, हॉटेलं छान आली आहेत, पण ओपल या रत्नासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावची माणसं निसटली. 1915 मध्ये वडिलांबरोबर सोनं शोधायला आलेल्या चौदा वर्षांच्या विली हचिसनला इथे ओपल सापडला आणि खाणी सुरू झाल्या. पहिल्या महायुद्धानंतर सैनिक आले, दुसऱ्यानंतर युरोपातून सर्ब, क्रोएट, ग्रीक आले. तिथलं सर्बियन चर्चसुद्धा खडकाच्या पोटातच कोरलेलं आहे.

आणि मूळच्या आदिवासी आज्यांना कसं विसरायचं? त्यांच्या वाळवंटात अणुकचरा पुरण्याचा सरकारी बेत होता. 'कुपा पिटी कुंगका त्जुटा' या ज्येष्ठ स्त्रियांच्या गटाने वर्षानुवर्षं झुंज दिली आणि 2004 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. त्यातल्या दोघींना 2003 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला होता. माझ्या लेखी गावातल्या कुठल्याही ओपलपेक्षा हे मोलाचं आहे.

जाणाऱ्यांनी गावाजवळच्या 'ब्रेकअवेज' नावाच्या रंगीत टेकड्या जरूर पाहाव्यात, पण डिसेंबर ते फेब्रुवारीचा कडक उन्हाळा टाळावा. खाणींच्या भागात मुलांचा हात सोडू नका, जुने उघडे खड्डे फार खोल आहेत.