गिरमिट कोणी मारलान?

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तीनदा आला. ‘दिव्यांग मुलांवर विज्ञान प्रकल्पांचा भार नको. विज्ञान हा बघायचा विषय. प्रयोगशाळा त्यांना धोक्याची, साधनं महाग. शिवाय प्रकल्प करतात मोठी माणसंच. त्यापेक्षा मेणबत्त्या आणि खडू शिकवा.’ रत्नागिरीजवळ समुद्राकाठी विज्ञान शिकवण्यात माझी उमर गेली, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

‘बघायचा विषय’ आधी घेतो. आठवीतला माझा एक विद्यार्थी जन्मांध. ओहोटीला पुळणीवर शिंपले गोळा करायचा प्रकल्प होता. बाकीची पोरं रंगावरून ढीग लावत होती, हा एकेक शिंपला अंगठ्याखाली फिरवत बसलेला. मधेच म्हणाला, “सर, ह्याला गिरमिट कोणी मारलान?” वडील होड्यांचं सुतारकाम करतात, भोक पाडायचं गिरमिट घरातलंच. बघतो तर बिजागरीजवळ बारीक गोल भोक. टाचणी फिरवून त्यानेच ठरवलं की ते बाहेर रुंद आणि आत निमुळतं आहे. काही मांसाहारी समुद्री गोगलगायी शिंपला असा पोखरतात आणि आतला जीव खातात. रंगाच्या ढिगांतही असली भोकं होती, पण आम्हा डोळसांपैकी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. गेरात व्हर्मे हे शास्त्रज्ञ तर लहानपणीच अंध झाले. खेकड्याने फोडलेलं आणि प्राण्याने पुन्हा सांधलेलं कवच बोटांनी चाचपत त्यांनी शिकारी आणि भक्ष्य यांच्या चढाओढीचा अभ्यास केला.

धोका? आमच्याकडे स्पिरिटच्या दिव्यावर हात भाजून घेतला तो चांगला डोळस मुलगा होता. दिव्याऐवजी विजेची शेगडी, काठ असलेला ट्रे, दट्ट्याला खाचा पाडलेली सिरिंज, बाटल्यांवर ब्रेल चिठ्ठ्या. एवढ्याने बरंच भागतं, आणि कोणाचंच वाईट होत नाही. कर्णबधिर मुलांची अडचण निराळी, आणि ती आम्ही शिक्षकच करतो: फळ्याकडे तोंड करून बोलतो. शिवाय ज्याला खुणा बघायच्यात तो त्याच वेळी परीक्षानळी कशी बघेल? आधी सांगायचं, थांबायचं, मग करायचं. बाकी सोयी करून देणं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ने मान्यताप्राप्त शाळांवर सोपवलेलंच आहे.

खर्चाचं म्हणाल तर पेला भरला की वाजणारा बझर घ्या. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन तारा, एक ट्रान्झिस्टर. पाण्यातून येणारा प्रवाह फार क्षीण, त्यावर बझर थेट वाजत नाही, म्हणून मधे तो वाढवणारा ट्रान्झिस्टर. हे कारण मुलं पहिला बझर मुका राहिल्यावर आपणच शोधतात.

मेणबत्त्या जरूर शिकवा. फक्त मेण किती तापमानाला वितळतं हे विचारलं तर गप्प बसवू नका.

प्रकल्प मोठी माणसं करतात, हे मात्र खरं. प्रदर्शनात दिव्यांग मूल फोटोपुरतं तक्त्याशेजारी उभं केलेलं मीही पाहिलंय. त्या शिंपल्यांच्या वेळी परीक्षकांनी, मुलगा समोर असताना, प्रश्न मला विचारला: “हे भोक आतून पडलं की बाहेरून?” मी तोंड उघडायच्या आत त्याने शिंपला त्यांच्या हातात ठेवला. “डोळे मिटा नि टाचणी फिरवा.”