तिने हार मानली होती, आणि ते सांगितलंही

व्हिडिओ जेमतेम दीड मिनिटाचा आहे. एक जिम्नॅस्ट मुलगी हसत हसत फ्लोअरवर नाचते, उंच उडी घेऊन थेट स्प्लिटमध्ये (पाय दोन बाजूंना ताणून) आदळते आणि चेंडूसारखी उसळून परत उभी राहते. कडेला तिच्या संघातल्या मुली तिच्याच स्टेप्स करत असतात. घरच्या ग्रुपवर हा व्हिडिओ वर्षातून दोनदा तरी येतोच. मागच्या आठवड्यात मावशीने टाकला.

खालचा मजकूर दरवेळी थोडाफार सारखाच. केटलिन ओहाशीने जगातली अव्वल जिम्नॅस्ट सिमोन बाईल्सला हरवलं होतं. मग जाडी म्हणून हिणवून तिला खेळातून हाकललं. पण तिने हार मानली नाही. शेवटी ऑलिंपिकमध्ये १० पैकी १० मिळवून सगळ्यांची तोंडं बंद केली आणि रातोरात करोडपती झाली.

मुलगी खरी, उडी खरी. बाकीचं एकेक करून बघू.

बाईल्सला हरवलं हे खरं. २ मार्च २०१३, मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर शहर, अमेरिकन कप. ओहाशी पहिली, बाईल्स दुसरी. पण मजकुरात हे येत नाही की दोघी तेव्हा १५ वर्षांच्या होत्या आणि सीनियर गटातलं दोघींचं ते पहिलंच वर्ष होतं. त्याच वर्षी अँटवर्पला बाईल्स विश्वविजेती झाली, तेव्हा ओहाशी स्पर्धेतच नव्हती. एका दुपारच्या निकालावरून ‘बाईल्सपेक्षा सरस’ ठरवायचं, तर मग रणजीत एकदा सचिनची विकेट काढणारा प्रत्येक जण शेन वॉर्न.

ऑलिंपिकचं तर सोडूनच द्या. ती ऑलिंपिक खेळलेलीच नाही. २०११ मध्ये ती अमेरिकेची ज्युनियर विजेती होती, पण जन्म १९९७ चा. त्या वर्षात १६ पूर्ण होणाऱ्या मुलींनाच ऑलिंपिकला उतरता येतं, म्हणून लंडन २०१२ वयामुळे गेलं. रिओ २०१६ येईपर्यंत तिने ती वाटच सोडली होती.

का सोडली? वजनावरून तिला फार वाईट ऐकून घ्यावं लागलं, हे तिने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. उडता न येणाऱ्या पक्ष्याशी तुलना झाल्याचंही. तेवढा भाग मजकुरात बरोबर आहे. पण कोणी हाकललं नाही. खांदा गेला, पाठ गेली, शस्त्रक्रिया झाली. आणि दुखापत झाल्याचा आपल्याला आनंद झाला होता, असं ती नंतर म्हणाली. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी व्हिडिओ थांबवला होता. तीन-चार वर्षांची असल्यापासून जिमखान्यात वाढलेल्या मुलीला खांदा मोडल्यावर सुटल्यासारखं वाटतं, म्हणजे आत काय चाललं असेल!

म्हणूनच ‘हार मानली नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. तिने हार मानली. पूर्ण मानली. २०१५ मध्ये ती लॉस एंजेलिसला यूसीएलए विद्यापीठाच्या जिम्नॅस्टिक्स संघात आली, तिथल्या प्रशिक्षक व्हॅलरी कॉन्डोस फील्ड. या बाई स्वतः कधी जिम्नॅस्ट नव्हत्या, बॅले नर्तकी होत्या. त्यांनी पुढे जाहीर भाषणात सांगितलंय की ओहाशीने त्यांना स्पष्ट सांगून टाकलं, मला पुन्हा महान व्हायचं नाही. आता कल्पना करा, देशाची माजी ज्युनियर विजेती आणलीय आणि ती असं म्हणतेय. आपल्याकडचा कुठलाही सर तिथल्या तिथे तासभर बौद्धिक घेईल. या बाईंनी तिच्याशी जिम्नॅस्टिक्स सोडून बाकी सगळ्या गोष्टी बोलायला सुरुवात केली. विश्वास बसायला वेळ लागला, आणि खेळ त्यानंतर परत आला. व्हिडिओत दिसतं ते हसू जिद्दीचं म्हणून खपवणं हा त्या दोघींवर अन्याय आहे.

आता ते दहा. १२ जानेवारी २०१९, कॅलिफोर्नियातलं अनाहाइम, कॉलेज संघांची स्पर्धा. १० गुण मिळाले, शंकाच नाही. पण हे दहा रोमानियाच्या नादिया कोमानेचीला १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मिळालेल्या दहाच्या जातीचे नाहीत, आणि बाईल्सच्या गुणांशी तर त्यांची तुलनाच होत नाही. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समध्ये २००६ पासून दहाची मर्यादाच गेली. काठिण्याचे गुण वेगळे, सफाईचे वेगळे, दोन्हींची बेरीज. दीपा कर्माकरचे रिओमधले १५.०६६ आठवत असतीलच, ०.१५० ने कांस्य हुकलं होतं. तिच्या प्रोदुनोवा नावाच्या व्हॉल्टला (घोड्यावरून मारायच्या उडीला) नुसत्या काठिण्याचेच ७ होते. अमेरिकन कॉलेजांनी मात्र जुनी दहाची पद्धत ठेवली. ठरलेल्या घटकांनी रूटीन (पूर्ण सादरीकरण) दहापर्यंत पोचलं की त्यापुढे कितीही अवघड उडी घाला, गुण वाढत नाहीत. उलट चुकायची भीती वाढते. म्हणून तिथे फ्लोअरवर दोन-तीनच टम्बलिंगच्या (कोलांट्यांच्या) फेऱ्या असतात आणि उरलेला वेळ नाचाला मिळतो. ओहाशीच्या नाचाला जागा मिळाली ती या नियमामुळे! शिवाय हे तिचे पहिले दहा नव्हते, शेवटचेही नव्हते.

हे सांगितलं की लगेच दुसरं टोक येतं: म्हणजे कॉलेजचं सोपंच असतं, निवृत्तीनंतरची करमणूक. तसंही नाही. जानेवारी ते एप्रिल जवळजवळ दर आठवड्याला स्पर्धा. प्रत्येक उपकरणावर सहा जणी उतरतात, पाच जणींचे गुण धरतात, म्हणजे दोघी चुकल्या की एक चूक संघाच्या बोकांडी बसतेच. २०१८ चं राष्ट्रीय विजेतेपद ओहाशीच्या संघाने ०.०३७५ ने जिंकलं, तेही शेवटच्या बीम (अरुंद पट्टीवरच्या) रूटीनवर पेंग-पेंग लीने दहा मिळवले म्हणून. आणि कॉलेज म्हणजे शेवटचं स्टेशन असतं, तर टोकियो ऑलिंपिकची सर्वांगीण (चारही उपकरणांची मिळून) विजेती सुनी ली ऑबर्नच्या कॉलेज संघातून खेळून पॅरिस २०२४ च्या सुवर्णविजेत्या संघात दिसली नसती. त्या संघातल्या जॉर्डन चाइल्स आणि जेड केरी याही कॉलेजात खेळलेल्या.

राहता राहिलं ‘करोडपती’, आणि हे निव्वळ उलटं आहे. कॉलेज खेळाडूने आपल्या नावावर वा चेहऱ्यावर एक डॉलर घेतला तरी तेव्हा त्याचा खेळण्याचा हक्क जायचा. बाईल्सचंही यूसीएलएला जायचं ठरलं होतं; २०१५ मध्ये तिने व्यावसायिक व्हायचं ठरवलं आणि कॉलेज सोडावं लागलं. ओहाशीचा व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला तेव्हा ती विद्यार्थिनी होती, त्यामुळे त्या पाहण्याचा पैसा तिच्याकडे येण्याची सोयच नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये, खेळून झाल्यावर, तिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये याची जाहीर तक्रार केली: माझ्या कारकिर्दीवर सगळ्यांनी कमावलं, मी सोडून. नियम बदलला १ जुलै २०२१ ला. तोवर तिला कॉलेज सोडून दोन वर्षं झाली होती.