"लिव्हर अजून पुरेसं खराब झालेलं नाही"

आज संताप झालाय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, पण वाचा.

सकाळी इथे न्यू जर्सीत मुलं मराठी शाळेच्या वर्गात गेल्यावर आम्ही पालक नेहमीसारखे चहा घेत उभे होतो. एक तरुण बाप (त्याला विचारूनच लिहितेय) हळूच म्हणाला, आई पुढच्या महिन्यात पुण्याहून येतेय, तिच्याबरोबर हेपटायटिस सीच्या (लिव्हर खराब करणारा विषाणूचा आजार) गोळ्या मागवल्या तर चालतील का? नोकरी बदललीय, नव्या छोट्या कंपनीचा इन्शुरन्स हात वर करतोय. एवढंच विचारलं त्याने. त्यावर एक काका म्हणाले, "इंडियातल्या गोळ्या? डुप्लिकेट असतात त्या. इथली सिस्टीम आहे ना, तिच्यातून जा." आणि एका बाईंनी विचारलं, "पण तुला हा आजार झाला कसा?"

तो कप ठेवून निघून गेला.

मी न्यू जर्सीत इतकी वर्षं राहतेय आणि हे आमच्या घरात घडून गेलंय. माझ्या नवऱ्याच्या परवानगीने आज पहिल्यांदा उघड लिहितेय. 1987 साली, कॉलेजात असताना, नाशिकला त्याचा अपघात झाला. ऑपरेशन झालं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारे सर्रास असायचे. हेपटायटिस सीचा विषाणू शास्त्रज्ञांना सापडला 1989 मध्ये. म्हणजे ज्या रक्ताने तो वाचला, त्या रक्तात काय आहे हे तपासणं तेव्हा जगातल्या कुठल्याच डॉक्टरला शक्य नव्हतं. झाला कसा म्हणे! असा झाला. आणि दुसऱ्या कुठल्या कारणाने झाला असता तरी तो बरा व्हायलाच हवा होता.

हा आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो. त्याला कळलं 2015 मध्ये, साध्या वार्षिक तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले दिसले म्हणून. लिव्हरच्या डॉक्टर फार चांगल्या होत्या. म्हणाल्या, घाबरू नका, आता नुसत्या गोळ्यांनी हा बरा होतो, इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेऊन वर्षभर ताप काढायचे दिवस गेले. आम्ही दोघं गाडीत बसून रडलो होतो, आनंदाने.

मग इन्शुरन्सचं पत्र आलं. मंजुरी नाही. कारण काय, तर लिव्हर अजून पुरेसं खराब झालेलं नाही. लिव्हर किती कडक झालंय याच्या पायऱ्या असतात, एफ झिरो ते एफ फोर. एफ फोर म्हणजे सिरॉसिस. हा एफ टू होता. एफ थ्री झालात की या. म्हणजे औषध आहे, माणूस आहे, आजार आहे आणि तुम्ही त्याला सांगताय की आणखी सड, मग बघू. हे त्या एकाच कंपनीचं नव्हतं, तेव्हा अमेरिकेत अनेक इन्शुरन्सवाल्यांचे आणि कितीतरी राज्यांच्या मेडिकेडचे (गरिबांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) असेच नियम होते. पुढे लोक कोर्टात गेले तेव्हा ते ढिले झाले.

ही आहे "इथली सिस्टीम", काका.

का असं? किमतीमुळे. गिलियड कंपनीची सोफोसबुविर ही गोळी डिसेंबर 2013 मध्ये इथे आली ती 1,000 डॉलरला एक. बारा आठवड्यांचे 84,000 डॉलर. विषाणूच्या आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या प्रकाराला, जिनोटाइप थ्रीला, तर सुरुवातीला चोवीस आठवडे सांगायचे, हिशेब तुम्हीच करा. लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2014 मध्ये अंदाज काढला होता की बारा आठवड्यांच्या गोळ्या बनवायला 68 ते 136 डॉलर पुरतात. संशोधनाला पैसा लागतो, मान्य आहे. औषध सापडलं नसतं तर आज वादच नसता, तेही मान्य. पण हे औषध शोधणारी फार्मासेट ही छोटी कंपनी गिलियडने साधारण 11 अब्ज डॉलरना विकत घेतली आणि ते पैसे वसूल कोणाकडून करायचे, तर एफ टूवर अडकलेल्या माणसाकडून? अमेरिकन सिनेटच्या समितीने दीड वर्षं चौकशी करून 2015 च्या डिसेंबरमध्ये लिहिलं की भाव ठरवताना जास्तीत जास्त उत्पन्न हाच हिशेब होता. हे मी नाही म्हणत, इथलेच सिनेटर म्हणतायत.

आणि त्याच वेळी आपल्याकडे काय चाललं होतं? सप्टेंबर 2014 मध्ये त्याच गिलियडने सिप्ला, हेटेरो, मायलन वगैरे कंपन्यांना हेच औषध बनवायचा परवाना दिला, 91 विकसनशील देशांत विकण्यासाठी. मार्च 2015 मध्ये नॅटको या भारतीय कंपनीने 28 गोळ्यांची बाटली 19,900 रुपयांना आणली. तेवढ्याच गोळ्यांची बाटली इथे 28,000 डॉलरला होती. ज्या कंपन्यांना मूळ कंपनी स्वतः परवाना देते, त्यांची गोळी डुप्लिकेट कशी? अमेरिकेत रोज पोटात जाणाऱ्या कितीतरी जेनेरिक गोळ्या भारतातल्याच कारखान्यांत बनतात. तुमची बीपीची बाटली एकदा फिरवून बघा, काका.

खोटी औषधं बाजारात असतात, नाही कोण म्हणतं. म्हणूनच ती कुठून घ्यायची हे माहीत असायला लागतं.

त्या पत्रानंतर नवरा रात्री झोपायचा नाही. मुलीचा नेलकटर, त्याचा रेझर, सगळं वेगळं कपाटात. त्याने तिला जवळ घेणं कमी केलं होतं, आणि मी हजारदा सांगितलं की जवळ घेतल्याने, एका ताटात जेवल्याने हा होत नाही, रक्ताने होतो. त्यालाही ठाऊक होतं. तरी.

शेवटी धाकट्या भावजींनी नाशिकहून फोन केला. म्हणाले, "वहिनी, त्याला इकडे पाठवा. इथे मिळतंय औषध." 2016 च्या सुरुवातीला तो गेला. तिथल्या पोटविकारतज्ज्ञांनी सगळे रिपोर्ट पुन्हा पाहिले, स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली, सोफोसबुविर आणि तिच्या जोडीला डॅक्लाटासविर ही दुसरी गोळी, बारा आठवडे. भावजी नेहमीच्या मेडिकलवाल्याकडून सीलबंद बाटल्या घेऊन आले, पक्क्या बिलासकट, प्रत्येक बाटलीवरचा बॅच नंबर बिलाशी ताडून. सगळ्या औषधाचा खर्च साधारण त्याच्या विमानाच्या तिकिटाएवढा झाला. तो गोळ्या घेऊन नेवार्कला उतरेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. कोणी अडवलं नाही.

कायद्याने सगळं सरळ आहे असं मी म्हणणार नाही. परदेशातून स्वतःसाठी औषध आणणं इथे बहुतेक वेळा नियमात बसत नाही. गंभीर आजारासाठी, स्वतःपुरतं, तीन महिन्यांच्या आतलं असेल तर अधिकारी काही वेळा सोडून देतात, हमी कोणी देत नाही. इथल्या डॉक्टरही म्हणाल्या, "मी आणा असं सांगू शकत नाही. पण घेणारच असाल तर रक्ततपासण्या मी करीन." त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

गोळ्या संपल्यावर पुन्हा बारा आठवडे थांबून शेवटची तपासणी करतात. त्यात विषाणू सापडला नाही की माणूस बरा. रिपोर्ट आला तेव्हा नवरा काहीच बोलला नाही, मुलीच्या खोलीत जाऊन तिच्याशेजारी झोपला.

आणि इतर देशांना हे जमतंच की. ऑस्ट्रेलियाने मार्च 2016 पासून लिव्हरची पायरी न बघता सगळ्यांना औषध दिलं. इजिप्तने तर कोट्यवधी लोकांना शोधून शोधून तपासलं. आपल्या भारतात 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, ठरावीक सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषध फुकट. इथे आता "स्वस्त" झालंय म्हणतात. 2019 मध्ये आलेल्या स्वस्त आवृत्तीची छापील किंमत पूर्ण उपचाराला 24,000 डॉलर होती. नव्या छोट्या कंपनीत लागलेल्या माणसाने ते कुठून आणायचे?

त्या तरुण बापाला मी संध्याकाळी फोन केला. आईच्या बॅगेतून मागवू नकोस म्हटलं, तिला प्रश्न विचारले तर ती काय सांगणार? आधी अपील कर, औषध कंपन्यांच्या मदत योजनांत अर्ज कर, ते नाहीच झालं तर स्वतः जा, स्वतःच्या नावाची चिठ्ठी आणि बिल घेऊन ये. त्याआधी हेपटायटिस बीची तपासणी नक्की कर, कारण बी लपलेला असेल तर सीच्या औषधांनी तो उसळू शकतो. हल्ली सोफोसबुविरच्या जोडीला वेल्पाटासविर देतात, त्याबरोबर ॲसिडिटीच्या गोळ्या नीट चालत नाहीत, तू रोज घेतोस ते डॉक्टरांना सांग. तो सगळं लिहून घेत होता.

या भागात इन्शुरन्सचं अपील लिहून द्यायला मदत करेल असं कोणी ओळखीत असेल, फार्मसिस्ट असेल, लिव्हरच्या दवाखान्यात काम करणारं असेल, तर मला मेसेज करा. त्याच्या अपिलाची मुदत या महिनाअखेर संपतेय.