छडी नको, पाटी परत आणा

महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर दर काही महिन्यांनी तोच वाद पेटतो. कुठेतरी एखाद्या शिक्षकाने मुलाला मारलेलं असतं, पालक पोलिसांत गेलेले असतात, चौकशी लागलेली असते. एक बाजू म्हणते, छडी गेली तेव्हाच शिस्त गेली, आता मुलं कुणाला जुमानत नाहीत. दुसरी म्हणते, ज्याला मारल्याशिवाय शिकवता येत नाही त्याने या पेशात येऊच नये. मग कुणीतरी आम्हा बाहेर गेलेल्यांना मध्ये ओढतं: "तुमच्या इंग्लंडमध्ये मुलांना बोटही लावत नाहीत, तरी शिस्त असते ना?" किंवा अगदी उलट: "तिकडची मुलं शिक्षकांना काय काय बोलतात ते सांगा जरा."

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं आणि आता इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत तोच विषय शिकवते. या वादातल्या दोन्ही बाजूंची माणसं माझ्या जवळची आहेत. पण छडी असो वा नसो, आपला शिक्षक वर्गात एकटा पडलेला आहे आणि वर्ग सांभाळायचा कसा, हे त्याला कुणी रीतसर शिकवलेलं नाही. भांडायचं तर यावर भांडायला हवं.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. ती योग्यच आहे, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण काय करायचं नाही एवढंच शिक्षकापर्यंत पोचलं. त्याऐवजी काय करायचं, हे शिकवण्याचं काम कुणी अंगावर घेतलं नाही. डी.एड., बी.एड.ला पाठ टाचण असतं, सूक्ष्म अध्यापन असतं, मानसशास्त्राच्या व्याख्या असतात. तिसऱ्या बाकावरची दोन मुलं तासाच्या मध्येच भांडायला लागली तर कुठे जाऊन उभं राहायचं, पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, याचा सराव नसतो. मग शिक्षक आपल्या शिक्षकांनी जे केलं तेच करतो. कान पिळणं, अंगठे धरून उभं करणं, वर्गाबाहेर काढणं. मार बंद झाला की आरडाओरडा आणि अपमान उरतो, आणि तोही १७व्या कलमात बसतो.

ब्रिटनमध्ये हा वाद आपल्या आधी होऊन गेला, आणि तोही सहज मिटला नव्हता. जुलै १९८६मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात सरकारी शाळांतली छडी बंद करण्याचा निर्णय २३१ विरुद्ध २३० असा अवघ्या एका मताने झाला. १९८७पासून तो अमलात आला. इंग्लंडमधल्या खासगी शाळांतून छडी जायला १९९९ उजाडलं. आज मात्र स्टाफरूममध्ये ती परत आणा म्हणणारं कुणी मला भेटत नाही, कारण तिच्या जागी दुसरं काहीतरी उभं राहिलं आहे.

प्रत्येक शाळेला मुलांच्या वर्तनाविषयीचं धोरण लेखी ठरवावं लागतं आणि ते पालकांना उपलब्ध असावं लागतं. माझ्या शाळेत त्याचा अर्थ असा: एक सूचना, दुसरी सूचना, आणि तरीही मूल ऐकत नसेल तर मी निरोप पाठवते. प्रत्येक तासाला एक वरिष्ठ शिक्षक याच कामासाठी मोकळा ठेवलेला असतो, हातात वॉकीटॉकी घेऊन तो मजल्यांवरून फिरत असतो. तो येतो, मुलाला दुसऱ्या खोलीत नेतो, माझा तास पुढे सुरू राहतो. शाळा सुटल्यावर ते मूल, मी आणि गरज पडली तर वर्षप्रमुख, म्हणजे त्या इयत्तेच्या सगळ्या मुलांची जबाबदारी असलेले शिक्षक, असे तिघं बसून बोलतो. पुढच्या तासाला मूल वर्गात येतं तेव्हा आदल्या दिवसाचा हिशोब मिटलेला असतो. मी नवखी असो की वीस वर्षं जुनी, सूचना त्याच आणि परिणामही तेच. मुलांना 'ही बाई कडक आहे, ती बाई चालवून घेते' असं तोलत बसावं लागत नाही. आपल्याकडे मुख्याध्यापकांकडे मूल पाठवलं की 'यांना वर्ग आवरत नाही' असा शिक्का बसतो, म्हणून शिक्षक मुकाट्याने सोसतो आणि एक दिवस त्याचा हात उठतो.

आता वर्गातलं सांगते, कारण खरी विद्या तिथे आहे. घंटा झाली की मी दारात उभी असते, एक पाय वर्गात आणि एक व्हरांड्यात. प्रत्येक मूल माझ्यासमोरून, नाव घेऊन, आत जातं. कुणाचा चेहरा उतरला आहे, कोण आधीच्या तासाचं भांडण घेऊन आलं आहे, हे तिथेच कळतं. फळ्यावर मागच्या तासाचे चार प्रश्न आधीच लिहिलेले असतात आणि आत शिरलेल्या मुलाला ते वहीत सोडवायचे असतात. हजेरी त्या वेळात होते. पहिल्या पाच मिनिटांत मुलांना रिकामा वेळच मिळत नाही. आपल्याकडे शिक्षक आधीच्या तुकडीतून धावत येतो, तोवर साठ मुलं बिनकामाची बसलेली असतात, मग 'गप्प बसा'पासून तास सुरू होतो आणि हजेरीत आणखी वेळ जातो. चार प्रश्न फळ्यावर लिहायला आधीच्या सुट्टीत एखाद्या मुलाला सांगितलं तरी पुरतं.

मॉनिटरचं काम तेच असावं. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्याची आपली जुनी पद्धत मात्र ताबडतोब बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. तिने एका मुलाच्या हाती वर्गमित्रांची तक्रार करण्याचा अधिकार जातो, मैत्र्या तुटतात आणि शांतता मात्र शिक्षक येईपर्यंतच टिकते.

जेकब कौनिन या अमेरिकन संशोधकाने वर्गांचं चित्रीकरण करून शिक्षकांचा अभ्यास केला आणि १९७० साली तो प्रसिद्ध केला. ज्यांचे वर्ग नीट चालतात ते शिक्षक गोंधळ झाल्यावर काही वेगळं करत असतील, असं त्याला वाटलं होतं. गोंधळानंतरच्या वागण्यात त्याला म्हणावा असा फरक सापडला नाही. फरक होता तो आधीच्या वागण्यात. चांगल्या शिक्षकाचं एकाच वेळी सगळ्या वर्गाकडे लक्ष असतं आणि ते मुलांना जाणवतं, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना तो वर्गाला ताटकळत ठेवत नाही, आणि खुसपूस सुरू होताच योग्य मुलाकडे योग्य वेळी बघतो. ही सगळी सरावाने येणारी कौशल्यं आहेत. 'त्यांचा दराराच तसा आहे' म्हणून आपण विषय संपवतो, तेव्हा नव्या शिक्षकाच्या शिकण्याची वाट आपण बंद करतो.

प्रश्न विचारण्याची रीतही वर्ग धरून ठेवते. "सुजाता, प्रकाशाचं परावर्तन म्हणजे काय?" असं विचारलं की सुजाता सोडून सगळे सुटले. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात.

आणि पाटी. इथे माझ्या विज्ञानाच्या वर्गात प्रत्येक मुलाकडे छोटा पांढरा फळा, मार्कर आणि पुसायला फडकं असतं. मी प्रश्न विचारते, मुलं लिहितात, "दाखवा" म्हटलं की तीस उत्तरं एकदम वर येतात. कुणाला आलं, कुणी शेजाऱ्याकडे बघून लिहिलं, कोण कोरी पाटी धरून बसलं, हे एका नजरेत कळतं. इंग्लंडमधल्या अनेक शाळांना ही फार मोलाची पद्धत वाटते आणि नव्या शिक्षकांकडून ती घोटून घेतली जाते. आपल्याकडे पाटी पिढ्यान्‌पिढ्या होती. वह्या आणि वर्कबुकं आली तसे आपण तिला पहिली-दुसरीत मागे ढकलली, इंग्रजी माध्यमात तर पूर्ण हद्दपार केली. साठ मुलांच्या आठवीच्या वर्गात तिची गरज सगळ्यांत जास्त आहे, कारण तिथे शेवटच्या बाकापर्यंत पोचायला वाटच नसते. ज्याला काही समजत नाही ते मूल तासाच्या दहाव्या मिनिटाला दिसलं तर त्याच्या खोड्या विसाव्या मिनिटाला सुरू होत नाहीत.

इथलं सगळं उचलावं असं मात्र मी म्हणत नाही. काही शाळांत मुलांना दिवसभर खोलीत एकटं बसवून ठेवतात. ते मला अमानुष वाटतं. २०२३-२४ या एका वर्षात इंग्लंडमध्ये निलंबनाचे साडेनऊ लाखांहून अधिक प्रसंग नोंदले गेले आणि दहा हजारांहून अधिक मुलांना शाळेतून कायमचं काढून टाकलं गेलं. त्यांत गरीब घरांतली आणि विशेष गरजा असलेली मुलं त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असतात. महाराष्ट्रात असा निलंबनाचा रस्ता उघडला तर काय होईल, याची कल्पना मला बसल्याजागी येते. बीडचं ऊसतोड कामगाराचं पोर दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यावर जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. मधले महिने बुडालेले असतात, म्हणून त्याला धडा कळत नाही, म्हणून ते वर्गात दंगा करतं. त्याला आठ दिवस घरी बसवलं तर ते पुन्हा शाळेत येणार नाही. मुलगी असेल तर तिचं लग्न ठरेल.

अशा मुलांना धरून ठेवण्याची विद्या आपल्याकडे आहे आणि ती इथल्यापेक्षा सरस आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघांनी गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. मुलाच्या वेळेशी, कामाशी शाळेने जुळवून घेतलं. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी दोन-दोन इयत्ता एका खोलीत शिकवतात. तिसरीला गणित घालून दिलं, की चौथीकडे वळायचं, मोठ्या मुलांनी लहानांचं वाचन घ्यायचं, आणि परिपाठापासून पोषण आहारापर्यंत निम्मी शाळा मुलांनीच चालवायची. हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांना ते खरं वाटत नाही. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या गटातल्या, शाळांत मुलं जमिनीवर गटागटाने बसून स्वतः शिकताना बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. ते गुरुजी आणि त्या बाई आपल्या बी.एड. कॉलेजांत येऊन प्रात्यक्षिक का देत नाहीत, हा प्रश्न मला परदेशातल्या कुठल्याही पद्धतीपेक्षा मोठा वाटतो.

"तिकडे बसून सांगणं सोपं आहे," असं मला ऐकवलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. माझ्या वर्गात तीसच्या आसपास मुलं असतात, काही तासांना मदतनीस असते. आपल्याकडे कायद्याने पहिली ते पाचवीला तिसास एक आणि सहावी ते आठवीला पस्तिसास एक शिक्षक सांगितला आहे, पण हायस्कूलच्या तुकडीत साठ-सत्तर मुलं बसलेली मी शिकवली आहेत. वर मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, खिचडीचा हिशोब. कोणतीही युक्ती सत्तर मुलांना पस्तीस करू शकत नाही. रिक्त जागा भरणं हे सरकारचंच काम आहे, आणि शिक्षक संघटनांनी छडीवर बोलण्याऐवजी या आकड्यांवर रस्त्यावर यावं.

पण काही गोष्टी सरकारवाचून होतात. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एक दिवस सगळ्या शिक्षकांनी बसून दोन-तीन नियम आणि त्यांचे परिणाम ठरवावेत, आणि कलेच्या सरांपासून गणिताच्या मॅडमपर्यंत सगळ्यांनी तेच पाळावेत. ओरडण्याऐवजी बाकाशी जाऊन, त्या एकाच मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं, हे आपसांत करून बघावं. आणि बदली तासांचं वेळापत्रक लावताना प्रत्येक तासाला ज्याचा ऑफ तास आहे अशा एका शिक्षकाचं नाव मदतीसाठी लिहून ठेवावं. तो भार सगळ्यांत आळीपाळीने वाटावा. वर्ग आवरेनासा झाला की कुणाला बोलवायचं, हे नवीन लागलेल्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी माहीत असावं. यासाठी मुख्याध्यापकांना वरून कुणाचं पत्र यायची वाट बघावी लागत नाही.